सतरा क्रमांकाची टाकी

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर चाळीस पांढऱ्या बश्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक बशीत तळहाताएवढा एक पापुद्रा. एकोणचाळीस पापुद्रे राखाडी पडले होते, कडांनी सुटले होते, आणि त्यांना न धुतलेल्या ताकाच्या भांड्यासारखा आंबूस वास येत होता. सतराव्या बशीतला पापुद्रा मात्र मधाच्या रंगाचा होता. सुनेत्राने तो चिमट्याने हलकेच दाबला. तो दबला आणि पुन्हा फुगून वर आला.

"जिवंत आहे," ती म्हणाली.

"चाळिसात एक," शेजारी उभे असलेले नाझीम मुकादम म्हणाले. ते इंजिनांचे अभियंते होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि जन्मभर कार्ब्युरेटर उघडून उघडून बोटांच्या पेरांत काळी रेघ कायमची बसली होती. "समितीपुढे एवढंच ठेवलंस तर योगायोग म्हणून उठून जातील."

"आणि योगायोग नसेल तर?"

"तर कारण सांग. आज शनिवार. समिती शुक्रवारी."

गुढीपाडव्यापासून किनारपट्टीवरच्या सगळ्या पंपांवर चाळीस टक्के इथेनॉल असलेलं मिश्रेंधनच मिळणार होतं. नवीन गाड्या त्यासाठीच बांधलेल्या होत्या. जुन्या स्कूटर, गवत कापायची यंत्रं, आंब्यावर फवारायचे पंप यांना ते पचत नव्हतं. आणि ज्यांना पचत नव्हतं त्यांची नोंदणी रद्द होऊन ती भंगारात जाणार होती. डॉ. सुनेत्रा खवणेकर सहा वर्षं या एकाच प्रश्नावर काम करत होती. तिच्या शब्दावर चाळीस घरांनी आपापली जुनी यंत्रं चाचणीसाठी दिली होती. शुक्रवारी समितीने नकार दिला, की प्रकल्प बंद आणि ती चाळीसही यंत्रं गेली.

"सराव करू," मुकादम स्टूल ओढून बसले. "मी समितीतला अधिकारी. मला यातलं काही कळत नाही. बाई, इथेनॉल उसापासून होतं, भातापासून होतं, धूर कमी. मग जुन्या गाडीच्या पोटात का दुखतं?"

"इथेनॉलला तहान फार, साहेब. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेपर्यंत सगळं एकजीव राहतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन खाली बसतं. टाकीत दोन थर होतात. इंजिन पितं टाकीच्या तळातून. म्हणजे त्याच्या तोंडी पहिल्यांदा पाणीच येतं."

"मग नव्या गाडीत का नाही होत?"

"तिची टाकी बंदिस्त असते, बाहेरची हवा आत येत नाही. जुन्या टाकीच्या झाकणाला श्वासाचं भोक असतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि जस्ताच्या भागांवर पांढरा क्षार धरतो. पण नळ्या बदलता येतात. पाणी कसं बदलणार? आपल्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा बरणीत वितळतं."

"आणि तुमचा उपाय?"

"जीवास्तर." सुनेत्राने बशी पुढे केली. "टाकीच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा थर. ते चिमूटभर इथेनॉल खातात आणि त्यापासून तंतू विणतात, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखे. ही मलई पाणी पिऊन धरून ठेवते. इंजिन तापलं की अस्तर आक्रसतं आणि प्यायलेलं पाणी खालच्या पाझरवाटीत सोडून देतं. वाटी महिन्यातून एकदा रिकामी करायची. झालं."

"झालं तर एकोणचाळीस मेली का?"

सुनेत्राने बशी खाली ठेवली. "त्यातली अकरा गवत कापायची यंत्रं. त्यांचं कळलंय. वापर संपला की टाकी पूर्ण रिकामी करून ठेवा, असं आपण सांगितलं होतं. सगळे हो म्हणाले. आणि सगळ्यांनी तळाशी वाटीभर ठेवलं."

"का?"

"भरलेलं भांडं खडखडीत रिकामं करू नये म्हणून. तांदळाच्या डब्यात मूठभर ठेवतात ना, तसं. वाटीभर इंधन आणि वर टाकीभर दमट हवा. पंधरा दिवसांत थर फुटले."

मुकादम अधिकाऱ्याची भूमिका विसरून हसले. "माझी अम्मी आजही डबा धुवायचा तर तांदूळ आधी ताटात काढते, डबा पुसते आणि पहिली मूठ त्यातलीच टाकते. तिला इंधनाची टाकी दिली असती तर तिनेही हेच केलं असतं. बरं, उरलेली अठ्ठावीस?"

"ती बहुतेक उभीच राहायची. कधी चार दिवस, कधी आठवडा. अस्तर पाणी पीत राहिलं, सोडायला संधीच नाही, शेवटी गुदमरलं. एवढं मला समजतं." तिने सतरावी बशी उचलली. "ही का जगली ते समजत नाही. मालकीण शालिनी माईणकर, वय एकाहत्तर, मुक्काम तळसडा. उद्या जाऊन येते."

---

तळसड्याच्या कातळावर काजू मोहरला होता. माईणकरांचं घर वाडीच्या टोकाला होतं आणि पडवीत एकोणतीस वर्षांची निळी स्कूटर स्टँडवर उभी होती, आरशावर फडकं टाकून.

"इंधनवाल्या ना तुम्ही?" दारातूनच आवाज आला. गावात सगळे मास्तर म्हणत ते माईणकर उंच, वाकलेले, कानात श्रवणयंत्र. "या, या. भांडायला मीच येणार होतो तुमच्याकडे."

"अहो, आत तर येऊ द्या तिला," आतून काकू म्हणाल्या. त्या खिडकीजवळ खुर्चीत वाती वळत बसल्या होत्या. शेजारी काठी टेकवलेली.

"तुमच्या मिश्रेंधनाने मायलेज खाल्लं," मास्तर म्हणाले. "आधी लिटरला पंचेचाळीस. आता अठ्ठावीस! मी गणित शिकवलंय अडतीस वर्षं, मला फसवू नका."

"इथेनॉलमध्ये ताकद थोडी कमी असते, मास्तर. थोडं कमी पडणारच."

"थोडं? पंचेचाळिसातून अठ्ठावीस म्हणजे थोडं?"

"तुम्ही बसा बघू," काकू म्हणाल्या आणि सुनेत्राकडे वळल्या. "चहा घेशील ना, बाळ? अगं, स्कूटर कुठे चालते आता. मी श्रावणात पडले. दुसरा सोमवार. देवळाच्या अंगणात शेवाळ होतं, पाय सरकला आणि खुब्याचं हाड गेलं. तेव्हापासून ती पडवीत आणि मी खुर्चीत."

"देवळात रोज जायचात?"

"नऊ वर्षं. सडेश्वराला पहाटेची वात आणि फुलं. पाऊस असो, काही असो. एकच नेम धरला होता आयुष्यात, तोसुद्धा…" त्या वातीकडे पाहू लागल्या. "पण खंड नाही पडला हो. गुरव येतात आणि फुलं, तेल, वात सगळं घेऊन जातात. ह्यांनी सांगून ठेवलंय त्यांना."

मास्तर आढ्याकडे बघत म्हणाले, "देव काय मस्टर घेऊन बसलाय? एक दिवस वात नाही लागली तर बिनपगारी करणार आहे?"

"ऐकलंस? चाळीस वर्षं हेच ऐकतेय."

"मग स्कूटर कुणी चालवत नाही?" सुनेत्राने विचारलं.

"कधीमधी मी पंपावर नेतो. हवा भरायला," मास्तर घाईने म्हणाले.

सुनेत्राने चहाचा घोट घेतला. कधीमधी हवा भरायला नेणाऱ्या माणसाला लिटरमागे अठ्ठावीस हा आकडा तोंडपाठ कसा, हे तिने विचारलं नाही. काकूंसमोर विचारू नये असं तिला उगीचच वाटलं.

---

सोमवारी तिने सतराव्या पापुद्र्याचा केसाहून पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

जीवास्तर रोज थोडं थोडं जाड होतं. इंजिन तापून अस्तर आक्रसलं, की त्या क्षणी विणले जाणारे तंतू दाट बसतात आणि एक गडद रेष उमटते. झाडाच्या खोडात वर्षांची कडी असतात तशा या स्पंदरेषा. इंजिन किती वेळा चालू झालं, ते अस्तर आपल्या अंगावर लिहून ठेवतं.

श्रावणापर्यंत रेषा समान अंतरावर होत्या. रोज एक. प्रत्येक रेष जराशी नागमोडी, कारण सड्याच्या खडकाळ रस्त्यावर टाकीतलं इंधन हिंदकळतं. काकू पडल्या त्या दिवसानंतर रेषा थांबायला हव्या होत्या.

त्या थांबल्या नव्हत्या. पुढच्या सात महिन्यांत एकही दिवस कोरा नव्हता.

मंगळवारी पहाटे सुनेत्रा सडेश्वराच्या पायऱ्यांपाशी गाडी लावून थांबली. पूर्वेला उजाडू लागलं होतं. सव्वासहाच्या सुमारास निळी स्कूटर फटफटत वर आली. कानटोपी, मफलर, हँडलला फुलांची परडी. मास्तरांनी तिला पाहिलं आणि स्कूटर बंद करायचंच विसरले.

"तुम्ही इथे कशा?"

"तुमच्या अस्तराने सांगितलं."

"चुगलखोर आहे तर." त्यांनी किल्ली फिरवली. स्कूटर स्टँडला लावली. मग म्हणाले, "हे बघा बाई, मी देव मानत नाही. हे आधी लिहून घ्या."

"लिहिलं."

"गुरवांना सांगितलं होतं मी, खरंच. पण ते सत्तरीचे, त्यांच्या घरापासून आमचं घर दीड मैल. दुसऱ्याच दिवशी नाही आले. ती दवाखान्यात पडलेली, भूल पुरती उतरली नव्हती, आणि डोळे उघडून पहिला प्रश्न काय, तर वात लागली का. मी म्हटलं लागली. म्हणजे खोटं बोललो. मग ते खरं करायला संध्याकाळी इथे आलो. तेव्हापासून रोज पहाटे ती उठायच्या आत येतो. फुलं ठेवतो, वात लावतो, नमस्कार करत नाही."

"काकूंना सांगत का नाही?"

"काय सांगू? चाळीस वर्षं थट्टा केली तिच्या देवधर्माची, आता स्वतःच जातोय म्हणून सांगू? ती हसणार. आणि नाही हसली तर रडणार. दोन्ही मला नकोय." मास्तर परडी उचलून पायऱ्या चढू लागले. तिसऱ्या पायरीवर गुडघा धरून थांबले आणि मागे वळले. "तिच्या कानावर घालू नका."

---

"सापडलं!" सुनेत्रा प्रयोगशाळेत शिरताच म्हणाली. "सर, नियमितपणा! रोज ठरल्या वेळी इंजिन तापलं, की अस्तर जगतं. इतकं साधं."

मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरांवर ते मनापासून खूश झाले. पण नंतर उठून नवव्या बशीपाशी गेले.

"हा कोण?"

"काशिराम गवस. दूधवाले."

"रोज पहाटे साडेपाचला दूध घालायला निघतात. दिवाळीलाही सुट्टी नाही. यांच्या रेषा बघ."

तिने पाहिल्या. रोज एक रेष, घड्याळासारखी. आणि भाद्रपदात अस्तर मेलेलं.

सुनेत्रा खुर्चीत बसली. सहा वर्षांत एवढं थकल्यासारखं तिला कधी वाटलं नव्हतं.

"समिती हेच पहिलं विचारेल," मुकादम हळू आवाजात म्हणाले. "दूधवाला मास्तरांपेक्षा नियमित होता. मग त्याचं का मेलं?"

दुपारी ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसली. या वेळी तिने रेषा नुसत्या पाहिल्या नाहीत, मोजल्या. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारपासून नमुना काढल्याच्या दिवसापर्यंत दोनशे सात दिवस होते. मास्तर पहिल्याच आठवड्यापासून जात होते. रेषा साधारण दोनशे हव्यात.

तिने तीनदा मोजल्या. तीनशे नव्वदच्या वर होत्या.

"सर, इकडे या. श्रावणाच्या आधी बघा. रोज एक रेष, आणि अस्तर इथे राखाडी पडायला लागलंय. दूधवाल्याचं झालं तसंच हेही मरायला टेकलं होतं. काकू रोज जात होत्या, तरी. आणि त्या पडल्यानंतर दोनेक आठवड्यांनी, ऐन पावसात, ते सुधारायला लागतं. कारण इथून पुढे दिवसाला दोन रेषा आहेत."

मुकादमांनी डोळा लावला. "एक नागमोडी आणि एक सरळ."

"नागमोडी म्हणजे मास्तर, सड्यावरून देवळात. सरळ म्हणजे गाडी हललीच नाही. जागेवर, स्टँडवर उभी राहून इंजिन चाललं. आणि अंतर बघा. पहाटेनंतर आठ तास, मग सोळा तास, पुन्हा आठ. म्हणजे दुपारी अडीचच्या आसपास."

मुकादम एकदम सरळ झाले. त्यांनी कागद ओढला. "थांब. अठ्ठावीस म्हणाले ना मास्तर? देऊळ दोन किलोमीटर, येऊनजाऊन चार. पंचेचाळिसातून इथेनॉलपायी कमी झालं तर एकोणचाळीस यायला हवं. मग रोज चाळीस मिलिलिटर इंधन कुठे जातं? स्कूटर जागेवर चालवली तर सात-आठ मिनिटांत एवढंच जळतं!" त्यांनी पेन्सिल टेबलावर टाकली. "आणि अस्तराचंही उत्तर तेच आहे, आपण गाढव आहोत. टाकी श्वास घेते कधी?"

"संध्याकाळी," सुनेत्रा म्हणाली. तिलाही ते त्याच क्षणी दिसलं. "दिवसा टाकी तापते, आतली हवा फुगून बाहेर जाते. सूर्य उतरला की टाकी गार होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. पहाटे पिळलेलं अस्तर दिवसभरात पुन्हा अर्धं भरलेलं असतं, त्यात संध्याकाळचा श्वास मावत नाही. दुपारी एकदा आणखी पिळलं, तरच जागा होते. पहाट आणि दुपार. दोन्ही हवेत."

"म्हणजे कारण मिळालं."

"कारण मिळालं. पण दुपारी अडीचला ती चालू करतं कोण?"

"मास्तरच असतील."

"मास्तरांना ठाऊक असतं तर मायलेजसाठी ते माझ्याशी भांडले असते का?"

---

बुधवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी सुनेत्रा माईणकरांच्या कुंपणाशी उतरली. पुढचं दार लोटलेलं होतं. ओसरीवर मास्तर आरामखुर्चीत झोपले होते, तोंड किंचित उघडं, आणि खिडकीच्या फळीवर त्यांचं श्रवणयंत्र चष्म्याशेजारी काढून ठेवलेलं.

आतून काठीचा ठक ठक आवाज आला. काकू भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत पडवीत उतरल्या. त्यांना दहा पावलांना चार मिनिटं लागली. त्यांनी स्कूटरचं फडकं काढलं, किल्ली फिरवली, ब्रेक दाबून धरला आणि अंगठ्याने बटण दाबलं. स्कूटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग त्या शेजारच्या बाकावर टेकल्या, पदराखालून जपमाळ काढली आणि डोळे मिटले.

एक माळ पुरी व्हायला साडेसात मिनिटं लागली. काकूंनी माळ कपाळाला लावली, स्कूटर बंद केली आणि डोळे उघडले, तर समोर सुनेत्रा.

"अगंबाई!" त्यांनी आधी ओसरीकडे पाहिलं. मास्तर हलले नव्हते. "कधी आलीस? बस, बस इथे. हळू बोल."

"काकू, हे रोज करता?"

"हाडाला जरा उभं राहता यायला लागलं तेव्हापासून. वॉकर घेऊन यायचे आधी." त्यांनी सीटवरून हात फिरवला. "उद्या पहाटे चालू झाली नाही तर? ह्यांच्या गुडघ्याने किक बसत नाही. नाही चालू झाली तर चालत जातील, मला ठाऊक आहे ना. दोन किलोमीटर चढ आहे. म्हणून आदल्या दिवशीच बघून ठेवते, चालू होतेय ना."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे, मास्तर जातात ते."

"दवाखान्यातून घरी आले तेव्हाच कळलं. गुरव म्हणे फुलं नेतात! गुरव कधी कळ्या तोडेल का? माझ्या तगरीच्या सगळ्या कळ्या ओरबाडलेल्या. फूल कुठलं आणि कळी कुठली हे न कळणारा या घरात एकच माणूस आहे." त्या आवाज न करता हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "आणि वातीचं तेल चौपट लागतं. दिवा भरून वाहतो वाटतं ह्यांचा."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं की ते जायचे थांबतील. लाजतील. चाळीस वर्षं देवाची हजेरी म्हणून चिडवलं आणि आता स्वतःच हजेरी लावतात. तोंडावर कसं आणू त्यांच्या?" काकूंनी तिचा हात धरला. "तू नको हं बोलूस. मला आधी वाटायचं, माझा नेम मोडला. मग वाटलं, मोडला कसा? वात तर लागतेच आहे. माझा वाटा तेवढा दुपारचा झाला."

---

शुक्रवारी समितीपुढे सुनेत्राने सतराव्या पापुद्र्याचं मोठं केलेलं चित्र लावलं. नागमोडी रेष, सरळ रेष, नागमोडी, सरळ. तिने टाकीचा संध्याकाळचा श्वास समजावून सांगितला. गवसांची टाकी का मेली आणि माईणकरांची श्रावणानंतर का सावरली, हे एकाच आलेखात दाखवलं.

"विज्ञान पटलं," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "पण डॉक्टर, व्यवहार बघा. वर्षभर रोज दोनदा, एकही दिवस न चुकता, ठरल्या वेळी जुन्या स्कूटरपाशी जाऊन उभं राहणारं माणूस कुठून आणणार? या घरात होतं असं कोण?"

"वाहनधारक दाम्पत्य," सुनेत्रा म्हणाली. "त्याहून जास्त मी सांगू शकणार नाही, तशी अट आहे. पण सगळ्यांकडे असं कुणी असेल असं मी धरून चाललेले नाही. मुकादमसर."

मुकादमांनी खिशातून बोटभर लांबीची वस्तू काढून टेबलावर ठेवली. दोन रात्री जागून त्यांनी ती बनवली होती. "ही ऊबतार. टाकीला बाहेरून चिकटवायची. पहाटे आणि दुपारी आठ आठ मिनिटं आपोआप तापते, बॅटरी नखाएवढी. इंजिन चालू करायला नको, कुणी लक्षात ठेवायला नको. गाडी महिनाभर उभी राहिली तरी अस्तर पिळलं जाईल. गवत कापायच्या यंत्रात तळाशी वाटीभर ठेवलं तरी चालेल. माझ्या अम्मीलाही चालेल."

समितीने सहा महिन्यांची मुदत दिली, नवीन अस्तरांना मंजुरी दिली आणि चाळीसही यंत्रांची नोंदणी रद्द करणं रोखून धरलं. मुकादम जिन्यावर बसले आणि त्यांनी पेरांतली काळी रेघ रुमालाने पुसायचा उगीचच प्रयत्न केला.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात सुनेत्रा स्वतः यंत्रधारकांकडे फिरली. गवसांनी ऊबतार लावून घेतली आणि तिला लिटरभर दूध दिलं. अडतीस ठिकाणी असंच झालं. सगळ्यात शेवटी तळसडा.

कुंपणाशीच मास्तरांनी तिला गाठलं. "ते नवीन काही बसवणार म्हणे?"

"हो. आता कुणी गाडी चालू केली नाही तरी चालेल, मास्तर. रोज जायची गरज नाही."

मास्तरांनी एकदा पडवीकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "नकोच ते. बॅटरी आली की तिची कटकट आली. शिवाय जुन्या टाकीला उगाच काही चिकटवू नये. मी बघतो काय ते." आणि ते ठरवल्यासारखे मागच्या बाजूला फुलझाडांकडे निघून गेले.

पडवीत काकू बाकावर बसल्या होत्या. अडीचला पाच मिनिटं कमी होती. सुनेत्राने ऊबतार त्यांच्या हातावर ठेवली आणि समजावून सांगितलं की ही पहाटेही तापते आणि दुपारीही, अगदी वेळेवर, कधी न चुकता. आता भिंत धरून इथवर यायला नको.

काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली. लहान मुलाच्या खेळण्याकडे पाहावं तशी कौतुकाने पाहिली. मग तिच्या तळहातावर परत ठेवली आणि बोटं मिटून दिली.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "पण मग दुपारी मी काय करू?"

सुनेत्राने ऊबतार पिशवीत टाकली आणि बाकावर त्यांच्या शेजारी सरकून बसली. ओसरीवर मास्तर परत येऊन आरामखुर्चीत आडवे झाल्याचा आवाज आला. काकूंनी कान देऊन ऐकलं, त्यांनी श्रवणयंत्र फळीवर ठेवल्याची टकटक होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग काठी टेकून उठल्या.